ड्रायरची दुसरी जाळी

कपडे धुण्याची मशीन आली तेव्हा तिच्यासोबतचं पुस्तक मीच मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. पुस्तक इंग्रजीत आणि हिंदीत होतं. इंग्रजी शाळेत घातलेल्या मुलीचा घराला जो काही उपयोग व्हायचा तो अशाच वेळी व्हायचा. औषधाच्या चिठ्ठ्या, बँकेचे कागद आणि आता हे. आई दोन पानांनंतर उठली. "मला बटनं दाखव, पुस्तक राहू दे," म्हणाली आणि गेली. शेवटपर्यंत ऐकलं ते बाबांनी. मशीनशी त्यांचा काही संबंध येणार नव्हता, तरी ते मांडी घालून पोथी ऐकावी तसे ऐकत होते. ड्रायरमध्ये कपडे घातले की त्यांच्यावर गोल जाळी दाबून बसवावी, नाहीतर फिरताना कपडा उडून टबाच्या बाहेर जातो, खाली अडकतो आणि मशीन बिघडते, असं एक वाक्य होतं. ते त्यांनी मला परत वाचायला लावलं. मला वाटलं, बाबांना सगळंच दोनदा ऐकायची सवय आहे.

आमचं घर आखाडा बाळापूरचं. गावातल्या एका महादेवाच्या देवळाची पूजा आमच्या घराकडं आहे, म्हणजे बाबांकडं आणि काकांकडं. सहा महिने एकाची पाळी, सहा महिने दुसऱ्याची. श्रावण बाबांच्या पाळीत येतो. पूजेचं धोतर रोज पहाटे धुवायचं, कुणाचा हात लागणार नाही अशा उंच वलणीवर काठीनं वाळत घालायचं आणि वाळलं की तेच नेसून गाभाऱ्यात जायचं, हे सोवळं. त्यात आजोबांनी घालून दिलेला एक नियम आणखी होता. जो पूजा करणार त्यानंच आपलं सोवळं धुवायचं आणि पिळायचं. बायकोनं नाही, लेकीनं नाही.

शाळेत असताना मी बाबांवर इंग्रजीत निबंध लिहिला होता. सोवळ्याला शब्द सापडेना, म्हणून 'माझे वडील रोज स्वच्छ कपडे घालतात' असं लिहिलं. मॅडमनी त्या ओळीखाली लाल प्रश्नचिन्ह काढलं होतं. बरोबरच होतं. स्वच्छ कपडे सगळ्यांचेच वडील घालतात. पण त्याऐवजी काय लिहायचं ते मला अजूनही माहीत नाही.

मी हे सांगतेय तो तीन वर्षांपूर्वीचा पावसाळा. मी पदवी संपवून घरी होते. त्याच्या आदल्या वर्षी बाबा गाडीवरून पडले होते. उजवं मनगट बसवलं, पण नीट बसलं नाही. मूठ पूर्ण मिटत नव्हती. हिवाळ्यात ओल्या धोतरानं पूजा करून खोकला इतका वाढला की डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, ह्यांच्या अंगावर ओला कपडा राहू द्यायचा नाही. आई म्हणाली, मी पिळते धोतर, सोवळ्यात राहून पिळते. बाबा म्हणाले, "अजून हात आहेत मला."

आषाढ लागला तेव्हा काका आले. बाबांपेक्षा चार वर्षांनी लहान, पण बोलताना मोठे वाटतात. ओसरीवर बसून पोहे खाता खाता म्हणाले, "दादा, यंदाचा श्रावण मी काढतो. तुझा हात बरा झाला की पुढल्या साली तू."

"हाताला काय झालंय माझ्या?"

"चमचा बराबर धरता येऊन न्हाई राहिला, मला दिसत न्हाई का?"

"चमच्यानं करायची असती का पूजा?"

आई हसली. काका हसले नाहीत. "ज्याला आपलं सोवळं पिळता येत न्हाई, त्यानं पिंडीला हात लावू न्हाई. हे मी न्हाई म्हणत. आपला बाप म्हणायचा."

बाबांनी मधल्या खोलीतल्या वलणीकडं बोट केलं. "ते बघ. ओलं दिसतंय का? हात नको लावू, नुसतं बघ."

काकांनी दारातूनच मान वर करून पाहिलं. पंख्याच्या वाऱ्यावर धोतराचा लाल काठ हलत होता. बाहेर तीन दिवसांपासून झड लागलेली होती.

"वाळलंय," काका म्हणाले.

"मग झालं तर. पोळा होऊ दे, मग बोलू."

पोळा श्रावणाच्या शेवटी येतो. म्हणजे बाबांनी श्रावण मागून घेतला आणि काकांनी तो तात्पुरता दिला, एवढं मला कळलं. तो एक महिना धोतर रोज वाळलेलं दिसलं पाहिजे, हेही कळलं. बाबांचा हात पाहिल्यावर ते वाळतं कसं, हे मात्र कळलं नाही. मी विचारलंही नाही. आमच्या घरात मी फारसं काही विचारत नाही. बघते.

त्याच आठवड्यात मशीनखाली पाणी दिसायला लागलं. मशीन मागच्या पडवीत, नळाशेजारी आहे. आई दुपारी कपडे धुते, मी ड्रायर फिरवते. पाणी धुण्याच्या बाजूनं येत नव्हतं, ड्रायरच्या खालून येत होतं. बसस्टँडजवळच्या दुकानातले मिस्तरी आले. जाडजूड माणूस, खाली बसताना गुडघ्यावर हात ठेवून "या देवा" म्हणणारा. त्यांनी मागचं झाकण काढलं, दहा नंबरच्या पान्यानं मोटरवरचा बोल्ट ढिला केला आणि वरून ड्रायरचा स्टीलचा टब फिरवत फिरवत उपसून काढला. मी मोबाईलचा उजेड धरला होता. टबाच्या खाली एक सळई असते, शाफ्ट. ती तळाच्या भोकातून मोटरपर्यंत जाते. त्या भोकातून पाणी मोटरवर उतरू नये म्हणून तिथं वळ्यावळ्यांचं काळं रबर असतं आणि त्याच्या गळ्यात एक छोटं गोल सील. सीलची आतली कड शाफ्टला चिकटून बसते. मिस्तरी तिला ओठ म्हणाले.

"ओठ फाटला की पाणी गळतंच," ते म्हणाले. रबर आणि सील दोन्ही बदलून दिली आणि म्हणाले, "आता दोन-तीन वर्षं बघायचं काम न्हाई."

पंचवीस दिवसांत पाणी परत आलं.

या वेळी मिस्तरींचा चेहरा बदललेला होता. टब काढून त्यांनी आत बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरलं. त्याला करडा चिखल लागला होता.

"काकू, तुमी याच्यात धुता तरी काय? गोटे?"

"मी काय धुणार? हिची ती जाड पँट. एका बाजूला पडती अन् मग सगळी मशीन नाचती," आई म्हणाली.

ती पँट मी त्या महिन्यात एकदाही मशीनमध्ये टाकली नव्हती. पण तसं सांगायला अनोळखी माणसासमोर तोंड उघडावं लागलं असतं. मी उजेड धरून उभी राहिले. बाबा दारापलीकडं पंचांग घेऊन बसले होते. ते म्हणाले, "तिला कशाला बोलता..." आणि तिथंच थांबले. एरवी बाबा वाक्य अर्धं सोडत नाहीत.

"पँटीनं असा गाळ येत न्हाई," मिस्तरी म्हणाले. त्यांनी बोटं एकमेकांवर घासली. "ही राख हाय. राख म्हंजे बारीक रेतीच. टबाच्या भोकांतून खाली उतरती अन् सीलचा ओठ घासून टाकती. राखेनं घासता का टब?"

"अहो, राखेचा काय संबंध? आमच्या घरी राख फक्त देवाच्या तांब्याच्या भांड्यांना लागती. ती यांची, यांच्या डब्यात. त्याला आमी कुणी हातपण लावत न्हाई."

"मग देवच येत असंल कपडे पिळायला."

आई हसली, मिस्तरी स्वतःच्याच बोलण्यावर हसले. पंचांगाचं पान उलटल्याचा आवाज आला नाही. मिस्तरींनी सील पुन्हा बदललं, ग्रीस लावलं, आणि जाताना मला म्हणाले, "ताई, पँट हातानं धुवा." मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी नळाजवळचा राखेचा डबा दिसला नाही. तो देवघराच्या फळीवर गेला होता. मला ते दिसलं, पण त्याचं काय करायचं ते सुचेना. एखादी गोष्ट दिसणं आणि ती कळणं यांत माझ्या बाबतीत नेहमीच दोन-चार दिवस जातात. पहाटे झोपेत मला कधी कधी घरघर ऐकू यायची. ती मी शेजारच्या पाण्याच्या मोटरीची समजत होते. शेजाऱ्यांची मोटर तर उन्हाळ्यातच जळाली होती, हे मला एका दुपारी भाजी निवडताना आठवलं. हातातली मेथी तशीच राहिली. मी आईकडं पाहिलं. आई शेंगा सोलत होती. तिला माहीत होतं का? तिच्या तोंडावरून काही कळेना.

मी मनाला समजावलं की हे शक्य नाही. ज्या टबात माझे, आईचे, घरभराचे कपडे फिरतात, त्यात बाबा सोवळं घालतील? महिन्याचे चार दिवस वलणीच्या खोलीत मला पाय ठेवता येत नाही. लहानपणी वलणीखालून उडी मारताना माझं बोट धोतराला लागलं होतं, तर बाबांनी ते पुन्हा धुतलं होतं. रागावले नव्हते, पण धुतलं होतं. तोच माणूस हा. मग राख कशाला? मग हळूहळू जुळत गेलं. टब स्टीलचा. धातूचं भांडं राखेनं घासलं, पाण्यानं धुतलं की शुद्ध होतं, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. बाबांनी टबाला भांडं मानलं होतं.

हे जुळलं तरी माझा गोंधळ कमी झाला नाही. बाबांनी नियम मोडला होता, की त्यांच्या परीनं पाळला होता?

श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात ड्रायर किंचाळला. दुपारी मी बटन फिरवलं, टब एकदा धडधडला, कर्कश आवाज झाला आणि करपल्यासारखा वास आला. खालून पाणी. मिस्तरी आले ते बोलतच आले. "तिसऱ्यांदा! गावात मला लोक म्हणतील, मिस्तरी जानूनबुजून कच्चं काम करून राहिला."

ते टब उपसत होते तेवढ्यात मागच्या दारानं काका आले. सोमवारच्या अभिषेकाची यादी घेऊन आले होते. आई चहा ठेवायला आत गेली. बाबा देवळातून यायचे होते. काका पडवीच्या खांबाला टेकून उभे राहिले आणि मिस्तरींचं काम बघायला लागले.

टब निघाला. मी उजेड खाली धरला. रबराच्या गळ्याभोवती काहीतरी घट्ट गुंडाळलेलं होतं. काळ्या रबरावर पांढरं, आणि त्यात लाल.

मला ते मिस्तरींच्या आधी दिसलं. उजेड बाजूला घ्यावा असं वाटलं, तेवढ्यात मिस्तरींनी पकडीनं टोक धरून ओढलं. सुती कापडाची वीतभर चिंधी निघाली. एका बाजूला लाल काठ. सील त्या चिंधीनंच उचकटून वर आलेलं होतं.

"हे बघा. जाळी न ठेवता फिरवलं की असं होतं. कपडा उडाला, खाली गेला, शाफ्टला गुंडाळला." मिस्तरींनी चिंधी उलटसुलट केली. "हे काय, गुरुजींचं धोतर का काय?"

ते गमतीनंच म्हणाले. पण खांबाजवळ काका उभे होते. दोघे भाऊ एकाच दुकानातून, एकाच जोडीतलं एकेक धोतर घेतात. तसलाच लाल काठ त्या क्षणी काकांच्या पोटरीवर होता.

"माझी ओढणी आहे," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच परका वाटला. मिस्तरींनी वर पाहिलं. तीन खेपांत मी त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

"ओढणी?"

"जुनी. सुती. जाळी ठेवायची राहिली माझ्याकडून."

आतून चहाच्या भांड्याचा आवाज आला. मी काकांकडं पाहिलं नाही. शेवटी पाहिलं, तेव्हा ते चिंधीकडं बघत नव्हते. उपसून ठेवलेल्या टबाकडं बघत होते.

"हे किती कोरडं काढतं?" त्यांनी मिस्तरींना विचारलं.

"थेंब गळत न्हाई, महाराज. पंख्याखाली टाका, घंटाभरात वाळलं."

"हं," काका म्हणाले. मग मला म्हणाले, "ध्यान देत जा गं माय. जाळी ठेवत जा."

त्यांना पटलं होतं का? की पटल्यासारखं दाखवलं? त्यांनी यादी खांबाजवळच्या कोनाड्यात ठेवली आणि चहा न घेता गेले. ते वळले तेव्हा दारात बाबा उभे होते. कधी आले होते कुणास ठाऊक. त्यांनी नेसलेल्या धोतराची निरी पोटाशी नेहमीपेक्षा जाड दिसत होती, जणू एखादं टोक आत दुमडून लपवलेलं असावं. काका बाबांना वाट देऊन निघून गेले. बाबांनी माझ्याकडं पाहिलं, मिस्तरींच्या हातातल्या चिंधीकडं पाहिलं, आणि पाय धुवायला नळाकडं गेले.

मिस्तरींनी शाफ्टवरचा गंज पॉलिश पेपरनं घासला. नवं सील जागेवर बसेना, त्यांची बोटं जाड. "ताई, तुमचा हात बारीक हाय. ओठ वरच्या अंगाला ठेवा अन् चारी बाजूनं सारखं दाबा. एका बाजूनं दाबलं तर तिरपं बसंल." मी दाबलं. ते बसलं. बसताना बारीक 'टक' झालं. बाबा तीन हातांवर पाय धूत होते, वेळ लावून.

"मोटरवर पाणी उतरलेलं हाय," मिस्तरी मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अजून एकदा सील गेलं तर मोटर जळंल. मग मला बोलावू नका, भंगारवाल्याला बोलवा."

त्या दिवसापासून मशीनला पहाटे आवाज नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी वलणीखालची फरशी ओली दिसली. धोतर ठिबकत होतं. चौथ्या दिवशी बाबा ते तसंच नेसून गेले आणि दुपारी खोकले. आई माझ्याकडं बघून म्हणाली, "आता काय करावं?" एवढंच म्हणाली. तिला माहीत होतं की नव्हतं, ते मला त्यावरूनही कळलं नाही. श्रावणाचे अजून पंधरा दिवस होते आणि सोमवारी काका देवळात येणार होते.

मी विचार करत बसले. टब बाबांनी शुद्ध करून घेतला होता, मग जाळीचंच काय अडलं? आमची जाळी निळ्या प्लास्टिकची. घरभराच्या कपड्यांवर दाबली जाणारी. तांबं-पितळ राखेनं शुद्ध होतं, स्टील त्यात बसवता येतं. प्लास्टिक कशानं शुद्ध होतं? हे कुठल्या पोथीत असणार? बाबांनाही सापडलं नसावं. म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली, मी दोनदा वाचून दाखवलेलं ते वाक्य माहीत असूनही.

मी बसस्टँडजवळच्या दुकानात एकटी गेले. दारात दोनदा मागं फिरले.

"मामा, ड्रायरची नुसती जाळी मिळेल का?"

"हाय की तुमची. चांगली हाय."

"अजून एक पाहिजे."

"काहून? टब तर एकच."

मी पैसे काढून हातात धरले. मिस्तरी स्टुलावर चढले आणि माळ्यावरून एक काढली. पांढरी, पिशवीतली. पिशवीवरून बोट फिरवत म्हणाले, "हिला अजून कुणाचा हात लागलेला न्हाई. कारखान्यातला सोडून." एवढं बोलून ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले.

घरी आल्यावर मी पिशवी नळाखाली कात्रीनं उघडली. जाळी पाण्याच्या धारेखाली सरकवली, हात न लावता, काठीच्या टोकावर. हे बरोबर होतं का, मला माहीत नाही. मी अंघोळ केलेली होती, पण सोवळ्यात नव्हते. काठी बाबांची होती, तिला मी हात लावायचा नसतो. एक नियम सांभाळताना मी दुसरे दोन-तीन मोडत होते बहुतेक. जाळी मधल्या भोकातून काठीवर तोलली आणि वलणीवर, धोतराच्या शेजारी अडकवली. ती तिथं फारच विचित्र दिसत होती. संध्याकाळी बाबांनी वर पाहिलं. जेवताना मीठ मागितलं, दोनदा.

सकाळी जाळी ओली होती. धोतर कोरडं.

पोळा आला. दुपारी काका पुरणपोळी जेवायला आले. जेवण झाल्यावर ओसरीवर बसले. मी चहा घेऊन गेले. बोलणं आजच होणार होतं. काकांनी मान वर करून मधल्या खोलीत पाहिलं. वलणीवर धोतर होतं आणि त्याच्या शेजारी सुतळीनं बांधलेली पांढरी जाळी. बाबांनी ती काढून ठेवली नव्हती.

"दादा, ते काय?"

"जाळी."

"कशाची?"

मला वाटलं, बाबा आता काहीतरी सांगतील, ओढणीसारखं. बाबा म्हणाले, "सोवळ्याची."

काका चहा प्यायले. बशीत ओतून, सावकाश. तेव्हा माझं लक्ष गेलं, बशी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती आणि बाबांसारखीच त्यांचीही बोटं पूर्ण मिटत नव्हती.

"अशी वेगळी मिळती का?" त्यांनी विचारलं.

"हिला विचार," बाबा म्हणाले. "हिनं आणली."

दोघेही माझ्याकडं बघायला लागले. काकांच्या घरी मशीन नव्हती, एवढं मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी म्हणाले, "जाळी मिळते, काका. टब आमचा आहेच."